अर्ध्यावर थांबलेला काप

दुधाचा पुठ्ठ्याचा खोका डेलबर्टने खिशातल्या चाकूने उभा चिरला आणि केळं सोलावं तसा सोलून बाजूला टाकला. आत प्लास्टरचा पांढरा ठोकळा होता, आणि त्याच्या एका अंगाने दगडाचं तपकिरी, खरखरीत डोकं बाहेर आलं होतं.

"झालं बाळंतपण," तो म्हणाला.

"टकलावरून तुझंच वाटतंय," मारित म्हणाली.

डेलबर्ट हॉगन खो-खो हसला. वय एक्याऐंशी, पण दगड कापायच्या दिवशी त्याला कुणी साठीचा म्हटलं असतं. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त होऊन त्याला अठरा वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी तरी त्याने या गॅरेजात काढली होती. प्राइनव्हिल गावात ज्याच्या गॅरेजात गाडी उभी राहते त्याला दगडांचा नाद नाही असं खुशाल समजावं. हॉगनांची गाडी मारितच्या जन्माआधीपासून रस्त्यावर बर्फ खात उभी असे. आत भिंतीभर फळ्या, फळ्यांवर दगड, आणि मधोमध शवपेटीएवढं झाकणाचं धूड: मोठी करवत. चोवीस इंचांचं गोल पातं, कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली, आणि खाली टाकीत तेल.

रविवार होता. मारित बेंड शहराहून आली होती. तिथल्या शाळेचं ग्रंथालय ती सांभाळत असे. तासाभराचा रस्ता, येताना ॲपल पाय, दुपारी दोन-चार दगड कापायचे, अंधार पडायच्या आत परत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्या रविवारीही ॲपल पाय खाऊन झाला होता, कॉफीचा दुसरा कप भरला होता, आणि बाप नेहमीसारखा तिला दगड दाखवत होता.

फक्त या वेळी तिने दगड ओळखला.

"डॅड, हा तोच का?"

"तोच. तुझाच की."

थंडरएग म्हणतात त्या जातीचा दगड. बाहेरून मळका बटाटा, आणि आत नशीब असेल तर अकीक. पण नशीब कापल्याशिवाय कळत नाही. हा तिने अकरा वर्षांची असताना टेकडीच्या उतारावर स्वतः शोधला होता. नारळाएवढा होता तेव्हा. बापाने खणून काढला, घरी आणला, खडूने रेघ मारायचा मान तिला दिला, करवतीच्या लोखंडी पकडीत आवळला आणि यंत्र सुरू केलं. अर्ध्या वाटेवर घरात फोन वाजला. तो फोन घ्यायला गेला, आणि परत आला तेव्हा पातं ताटासारखं वाकलेलं होतं आणि दगडाचा एक तृतीयांश भाग फुटून तेलात पडला होता.

"पकड सैल राहिली माझी," तो तेव्हा म्हणाला होता.

तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं तो हेच म्हणत होता. दगडवाल्यांच्या क्लबात नवा माणूस आला की डेलबर्ट त्याला बाजूला घेई. "माझ्यासारखा गाढवपणा करू नकोस. पोरीचा दगड होता, आणि मी पकड आवळायला विसरलो. आवळलीस की दगड तीन वेळा ओढून बघ. हलला की गेला." तीन वेळा ओढणं मग सगळ्या क्लबाचाच नियम झाला. लोक त्याला 'डेलचं तीनदा' म्हणत.

पकड सैल नव्हती. बाप फोनवर होता तेव्हा अकरा वर्षांच्या मारितला धीर निघाला नव्हता. तिने मोटर बंद केली, झाकण उघडलं, चाक फिरवून दगड पात्यापासून मागे घेतला आणि उजेडाकडे वळवायला पकडच सोडली. विजेरी लावून फटीत डोळा घातला. फट कसली, पातं गेलं तेवढी, तीन मिलिमीटरची. आत, अगदी खोल, तिला लाल दिसलं. काडीएवढी रेघ, पण लाल, जिवंत. मग तिने दगड होता तसा बसवला, म्हणजे तिला वाटलं होता तसा, अंगातली सगळी ताकद लावून पकड आवळली आणि यंत्र चालू केलं. चीर आणि पातं एका रेषेत राहिली नव्हती. पुढे जे झालं ते चार सेकंदांत झालं.

फुटलेले तुकडे सगळे राखाडी निघाले. बापाने ते उचलले, धुतले, पाहिले आणि उरलेला दगड वरच्या फळीवर ठेवून दिला. "आत काही नाही त्याच्या," तो म्हणाला. "उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." आत लाल आहे हे तिला माहीत होतं. पण ते सांगायचं तर कसं माहीत हेही सांगावं लागलं असतं.

"आज हे कुठून काढलंस?" आता तिने विचारलं.

"फळी साफ करत होतो. म्हटलं, त्रेचाळीस वर्षं ह्याला घाबरलो, आता काय ह्याला मागे ठेवून जायचं? वेडावाकडा आहे, पकडीत बसत नाही, म्हणून प्लास्टरमध्ये घातला. ये, धर इकडून."

त्याने ठोकळा पकडीत सरकवला, मळसूत्र आवळलं, आणि दोन्ही हातांनी ओढलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिच्याकडे बघत, भुवया उडवत.

"हललाय?"

"नाही."

"मोठ्याने सांग. माझा इतिहास वाईट आहे."

"नाही हलला, डॅड!"

झाकण पडलं, मोटर घुमली, तेल उसळू लागलं. बाप झाकणाला कान लावून उभा राहिला. करवत दिसत नसते, ती ऐकायची असते. वरचं कवच कापताना ती घोगरी घरघर करते, अकीक लागलं की आवाज चढतो, बारीक होतो. बारा-तेरा मिनिटं घरघर चालली आणि मग एकदम सूर बदलला.

"ऐकलंस?" तो ओरडला. "भरलंय! पोकळ नाही, अगं, भरलेलं आहे! चल, अंदाज!"

हॉगनांच्या घरचा हा कायदा होता. अंदाज सांगितल्याशिवाय काप उलटायचा नाही. चुकेल त्याने तेलाची फडकी धुवायची. मारितची आई हयात असेपर्यंत प्रत्येक दगडाला "बटाटा" म्हणायची आणि फडकी कधीच धुवायची नाही.

"माझा अंदाज राखाडी," बाप म्हणाला. "नुसतं राखाडी, ढगाळ, मार्चमधल्या आभाळासारखं. पण काय बिघडलं? बघू तरी. तुझा?"

मारितने खोटा अंदाज सांगितला असता तर पुढच्या पंधरा मिनिटांत लाल दगड समोर आला असता आणि तिला आश्चर्याचं सोंग करावं लागलं असतं. खरा सांगितला असता तर बापाने मान वर करून विचारलं असतं, कसं गं?

"डॅड, घाटात बर्फ पडणार म्हणतायत. मी निघते."

"आत्ता? अर्ध्यात?"

"तू पुरा कर. मला फोटो पाठव."

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हात लांब करून बटण दाबलं. करवत घुमत घुमत थांबली.

"नाही," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी फोनवर होतो आणि तू एकटी होतीस. या वेळी दोघांनी असायचं. येत्या रविवारी. पातं आत तसंच राहू दे, कुठे पळत नाही. आणि अंदाज बाकी आहे तुझा, लक्षात ठेव! पळपुटी!"

गाडी मागे घेताना तिने त्याला गॅरेजच्या दारात पाहिलं. फडक्याने हात पुसत होता आणि दुसऱ्या हाताने तिला बोट दाखवून धमकावत होता.

गुरुवारी सकाळी टपाल कचेरीच्या रांगेत डेलबर्ट हॉगन खाली बसला आणि उठला नाही.

*

दफन झालं, चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्याचं सॅलड झालं, शेजाऱ्यांच्या काचेच्या भांड्यांनी फ्रिज भरला. ती भांडी कुणाकुणाची याची यादी मारितने करून ठेवली. ती व्यवस्थित वागत होती. लोक हात धरून बोलत, ती मान हलवे आणि आभार मानी. रात्री ती बापाच्या घरी झोपे आणि गॅरेजचं दार उघडत नसे.

दफनाला आठवडा झाला तेव्हा, शनिवारी सकाळी, नदीन मेल्बी दार न वाजवता स्वयंपाकघरात आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काटक, क्लबाची अध्यक्ष, आणि डेलबर्टशी तीस वर्षं दगडांवरून भांडलेली.

"कॉफी आहे?" ती म्हणाली. "आणि करवतीत काय आहे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"डेलने. बुधवारी फोन केला होता. 'नदीन, रविवारी पोरगी येणार, पोरीचा दगड उघडणार, तू मध्ये कडमडू नकोस.' लहान मुलासारखा उतावीळ झाला होता मेला." तिने कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाली, "दहा दिवसांहून जास्त झाले. तेलात दगडाचं पीठ असतं, मारित. बसलं की गारा होतो, वर ही थंडी. पातं चिरेत चिकटून जाईल. आणखी आठवडाभर ठेवलंस तर छिन्नीनेच काढावं लागेल. मग दगडही गेला आणि पातंही."

मारितने हातातलं भांडं खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी जोरात वाटलं. शोकापेक्षा ते घाईच्या जास्त जवळचं होतं.

"चल," ती म्हणाली.

गॅरेजात श्वासाची वाफ दिसत होती. बापाचं फडकं झाकणावर तसंच पडलेलं होतं. तिने ते घडी करून बाजूला ठेवलं आणि झाकण उचललं. पातं दगडाच्या पोटात अर्धं शिरून उभं होतं आणि चिरेच्या तोंडाशी करडा चिखल सुकून फुटला होता. नदीनने पात्याच्या चाकाचा पट्टा धरून ओढला. पातं जागचं हललं नाही.

"चिकटलंच," नदीन म्हणाली. "सरळ रस्ता सांगू? पकड सोड, दगड काढ, साफ कर, उलटा लाव आणि दुसऱ्या बाजूने काप. मी शंभर वेळा केलंय."

"पकड सोडायची नाही."

"अगं, मी सांगते ना."

"नाही, नदीन. पकडीला हात लावायचा नाही!"

ते इतक्या जोरात बाहेर आलं की दोघी दचकल्या. नदीनने भुवई वर केली.

"बरं बाई. बापाचीच मुलगी. मग पिचकारी आण."

"कसली?"

"टर्कीवर रस सोडायची! तुझ्या आईची असेल ना खणात? थँक्सगिव्हिंगची टर्की भाजताना लागते ती. आणि तेल गरम कर. उकळू नकोस हां, घर पेटवशील."

मग पुढचा पाऊण तास दोघी चूल आणि करवत यांच्यामध्ये धावत होत्या. मारित पातेल्यात तेल कोमट करून आणी, नदीन रबरी फुगा दाबून ते चिरेत सोडी. करडा चिखल आधी ओला झाला, मग मऊ झाला, मग त्याचा ओघळ टाकीत उतरला. मारितने पुठ्ठ्याची पट्टी चिरेत घालून तळापर्यंत फिरवली. तिचे हात कोपरापर्यंत तेलाने माखले. नदीन म्हणाली, "वाचनालयात असंच करतेस का?" आणि मारित चक्क हसली.

"आता ओढ. हळू. झटका नको."

तिने पट्टा दोन्ही हातांनी धरला. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा पुठ्ठा. पुन्हा ओढला. चिरेतून एक बारीक चुळूक आवाज आला आणि पातं बोटभर फिरलं.

"फिरलं!"

"दिसतंय मला! ओढ!"

दोन बोटं. चार बोटं. मग एकदम सैल होऊन पातं पूर्ण गरकन फिरलं. तेरा दिवसांपूर्वी बापाच्या चेहऱ्यावर जे होतं ते आता आपल्या चेहऱ्यावर आहे, हे तिला आरशाशिवाय कळलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

तिने दगड पुढे ढकलणारा खटका सोडवला, चाक फिरवून दगड कागदाच्या जाडीएवढा मागे घेतला. नदीन तोंड उघडणार तोच मारितने ठोकळ्याला दोन्ही हात घातले. एकदा. दोनदा. तीनदा.

"हललाय?" नदीनने विचारलं.

"नाही."

"मोठ्याने."

"नाही हलला!"

मोटर सुरू झाली. पातं रिकाम्या चिरेत नुसतं शिट्टी घालत फिरलं, तेल उसळलं. मग तिने खटका जोडला. क्षणभर काहीच नाही. आणि मग पात्याने दगड धरला आणि तोच सूर लागला. चढा, बारीक, एकसारखा.

"भरलंय गं!" नदीनने झाकणावर थाप मारली. "ऐकतेस ना? काय घट्ट आहे! डेल मेल्या, ऐकतोयस का?"

मारित झाकणाला कान लावून उभी होती. थंड पत्रा गालाला थरथरत होता. ती मिनिटं मोजत होती. पाच. आठ. मध्येच आवाज किंचित घसरला. तिचा हात बटणाकडे झेपावला, पण नदीनने मनगट धरलं.

"थांब. तडा असेल, ओलांडेल." आवाज पुन्हा चढला. "ओलांडला."

"तुला खात्री होती?"

"छे! पण तुझ्याहून माझा चेहरा बरा खोटं बोलतो."

अकराव्या मिनिटाला घोगरी घरघर परत आली. पलीकडचं कवच लागलं होतं. आता शेवट. शेवटच्या घटकेला काप सुटताना दगड तुटू शकतो, हे दोघींना माहीत होतं. आत काहीतरी टक्कन वाजलं आणि तेलात पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ शेवटच्या खटक्याने मोटर आपोआप बंद झाली. करवत घुमत घुमत थांबली. तेल ठिबकत राहिलं.

"उघड," नदीन कुजबुजली. "देवाशपथ, मीच उघडीन नाहीतर."

मारितने झाकण उचललं. हिरवट तेलाच्या तळाशी अर्धा दगड पालथा पडला होता. अख्खा. तिने बाही सारून हात घातला आणि तो वर काढला. कापलेली बाजू तिच्या तळव्याला लागून होती. आरशासारखी गुळगुळीत, थंड, तेलाने निसटती. कुठेही टोक नाही, तडा बोटांना जाणवत नाही. त्रेचाळीस वर्षांनंतर तो तिच्या हातात होता, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"उलट ना!" नदीन अक्षरशः पाय आपटत होती. "उलट, पोरी, माझं वय झालंय!"

"अंदाज राहिलाय."

"हो, खरंच. मग माझा घे. पिसारा. पिवळ्या पिसांची नक्षी, काळ्या तळावर. चुकले तर फडकी धुते. डेलचा काय होता?"

"राखाडी."

"असणारच. पकड सैल ठेवली त्या दिवसापासून या दगडाचं नाव काढलं की तोंड पाडायचा. प्रत्येक नव्या पोराला तीच गोष्ट, 'माझ्यासारखा गाढवपणा करू नकोस.' आता कोण सांगणार ती? मलाच सांगावी लागणार." नदीनने नाक पुसलं. "तुझा अंदाज बोल."

मारितच्या बोटांतून तेल फरशीवर पडत होतं. समोर झाकण उघडं होतं, बाप जिथे कान लावून उभा राहायचा तिथे पत्र्यावरचा रंग झिजून गुळगुळीत झाला होता. ती त्या जागेकडे बघून बोलली.

"लाल आहे, डॅड. अंदाज नाही हा. मी पाहिलं होतं. तू फोनवर होतास तेव्हा मी करवत बंद केली आणि झाकण उघडलं, आणि उजेडात बघायला पकड मी सोडली. मीच परत आवळली, वाकडी. तुझी पकड सैल नव्हती, डॅड. कधीच नव्हती. आत लाल आहे हे मला तेव्हापासून माहीत होतं, आणि तू राखाडी समजत राहिलास, आणि मी तुला सांगितलं नाही."